पाय ओढतोय म्हणून जास्त चालू नका: एमएसमध्ये चालण्याचा व्यायाम कुठून सुरू करायचा

एमएसचा, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा, अ‍ॅटॅक येऊन गेला, स्टेरॉइडच्या सलाईन संपल्या, माणूस घरी आलं की घरातल्यांचा सल्ला ठरलेला असतो. आज दारापर्यंत चाल, उद्या जिन्यापर्यंत, परवा गेटपर्यंत. प्लास्टर काढलेल्या पायाला तो लागू पडतो. मीही नेरुळच्या आमच्या सिडको बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये आठ दिवस तो इमानदारीत पाळला आणि नवव्या दिवशी बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडून पडले. उजवा पाय कमजोर होता हे खरंच, पण त्या दिवशी सकाळपासून तीन फेऱ्या जास्त मारल्या होत्या.

एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं. मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा आणि तुटक पोचतो, आणि अंग तापलं किंवा थकलं की आणखी रखडतो. अशा वेळी रेटून टाकलेली पावलं वाकडी पडतात आणि शरीर तीच वाकडी चाल शिकतं. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे.

खालचे टप्पे फिजिओच्या देखरेखीखाली करायचे आहेत. फिजिओ निवडताना न्यूरोचं काम करणारा आहे का हे आधी विचारा. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम अशी फिजिओथेरपीची कॉलेजं आपल्या भागातच आहेत, तिथे चौकशी करा. गुडघेदुखीच्या पेशंटांच्या रांगेत मशीन लावून झोपवून ठेवणाऱ्या क्लिनिकमध्ये मी तीन महिने घालवले. पायाला शेक मिळाला, चालायला कुणी उभं केलं नाही.

टप्पा १: डॉक्टरांकडे दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट म्हणजे पाय बिघडलाय तो नव्या अ‍ॅटॅकमुळे की दुसऱ्या कशामुळे. नवीन त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल तर तो अ‍ॅटॅक असू शकतो. पण लघवीचं इन्फेक्शन झालं, साधा ताप आला, तरी जुना कमजोर पाय तसाच ढेपाळतो. अशा वेळी व्यायाम वाढवून उपयोग नाही, आधी लघवी तपासायची. आपल्यातल्या कितीतरी जणी बाहेर पडायचं म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून इन्फेक्शन होतं, बद्धकोष्ठता होते, दोन्हींमुळे पाय आणखी कडक होतात, आणि मग वाटतं आजार वाढला.

दुसरी गोष्ट औषधांची. बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन ही कडकपणा कमी करणारी गोळी चालू असेल तर गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ दोन्ही फिजिओला सांगा. पायाचा कडकपणा सगळाच वाईट नसतो. काही जण त्या कडकपणावरच उभे असतात. डोस जास्त झाला की पाय लुळा पडून गुडघा अचानक दुमडतो.

सावध: बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करू नका. कडकपणा उसळून येतो, क्वचित फिट्स येतात.

टप्पा २: चाल कशाने बिघडली ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ही पायरी कुणी करतच नाही. "चालता येत नाही" या एका तक्रारीमागे किमान पाच वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा व्यायाम वेगळा.

घरातली जुनी चप्पल उलटी करून बघा. एकाच पायाचा तळ पुढून जास्त झिजलेला दिसला तर पाऊल वर उचललं जात नाहीये. याला फूट ड्रॉप म्हणतात. पाय लाकडासारखा ताठ, गुडघा वाकत नाही आणि प्रत्येक पाऊल बाहेरून गोल फिरवून टाकावं लागतं, तर तो कडकपणा, म्हणजे स्पास्टिसिटी. दिवसा ठीक चालता पण लाईट गेली की भेलकांडता, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, तर तळव्यांची जाणीव कमी झालेली असते आणि तोल सांभाळायचं काम डोळे करत असतात. पाय फाकून, नशा केल्यासारखं चालणं होत असेल तर लहान मेंदूच्या बाजूची गडबड असू शकते. सुरुवातीची पाच मिनिटं छान आणि नंतर पायात शिसं भरल्यासारखं, तर थकवा. एकाचे दोन दिसत असतील तर आधी डोळे दाखवा. बहुतेकांमध्ये यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. माझ्यात फूट ड्रॉप आणि थकवा आहे, थोडा कडकपणाही.

हे फिजिओला तोंडी सांगत बसू नका, मोबाईलवर शूटिंग करून न्या. बाजूने दहा पावलं, मागून दहा पावलं, आणि थोडं चालून झाल्यावर पुन्हा तेवढंच. सकाळी क्लिनिकमध्ये रिक्षातून उतरून ताजेतवाने चालता तेव्हा निम्मा दोष दिसतच नाही.

मग मोजमाप. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये खडूने २५ फुटांच्या दोन रेघा मारा, म्हणजे साधारण ७.६ मीटर. उभ्या जागेवरून निघायचं, पडणार नाही इतपत भरभर चालायचं, दुसऱ्याने मोबाईलवर सेकंद मोजायचे. दोनदा करून सरासरी. काठी वापरत असाल तर काठीसकटच, आणि दरवेळी तशीच. माझे पहिल्यांदा १९ सेकंद आले होते. वेळेत २० टक्क्यांच्या आसपास बदल झाला तर तो खरा धरतात, म्हणजे माझ्या बाबतीत जवळजवळ चार सेकंद. एखाद-दुसऱ्या सेकंदाने आनंदून किंवा खचून जायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी मोजा. रोज मोजणाऱ्यांचं डोकं फिरतं, माझं फिरलं होतं.

सावध: डोळे मिटून तोल बघायचा प्रयोग भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून आणि समोर माणूस उभा करूनच करा.

टप्पा ३: घर तयार करा

पायपुसणी उचला, सगळीच. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवा. कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का रॉड बसवून घ्या. टॉवेल अडकवायच्या रॉडला लटकू नका, तो तुमच्यासकट खाली येतो. घोळदार गाऊन आणि साडीच्या निऱ्या पायात येतात, व्यायामाला घोट्याच्या वर राहणारी सलवार किंवा ट्रॅक पँट घाला. पायात मागून बंद असलेले बूट किंवा पट्ट्याच्या सँडल. सपाता फेकून द्या.

व्यायामाची खुर्ची लाकडी, हातांची, भिंतीला टेकलेली. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, उठताना आणि बसताना दोन्ही वेळा.

टप्पा ४: वेळ निवडा, अंग थंड ठेवा

शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी एमएसवाल्यांचे पाय जड होतात, दृष्टी अंधुक होते. डॉक्टर याला उथॉफ फिनॉमेनॉन म्हणतात. यात नवीन इजा होत नाही, अंग थंड झालं की बहुतेक वेळा तासाभरात उतरतं. पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाने हे गृहीतच धरायला हवं.

सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ बरी. आधी लघवी करून या, नाहीतर मध्येच घाई लागते आणि पडापडी तिथेच होते. फ्रिजचं गार पाणी थोडं प्या, ओला नॅपकिन मानेवर टाका, पंखा अंगावर घ्या. कडक पाण्याची आंघोळ व्यायामाआधी नको आणि लगेच नंतरही नको. आमच्या सासूबाईंनी प्रेमाने रोज तेल लावून गरम पाण्याने पाय शेकून दिले. पाय मऊ वाटायचे आणि अर्ध्या तासाने उभं राहता यायचं नाही. शिवाय तळव्यांची जाणीव कमी असेल तर शेकाच्या पिशवीने भाजलेलंही कळत नाही. मालिश आवडत असेल तर जरूर करा, पण तो व्यायाम धरू नका.

तपासा: व्यायामानंतर आलेला जडपणा विश्रांती आणि गारव्याने तासा-दोन तासांत उतरला का? उतरला नाही किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिला, तर कालचा व्यायाम जास्त झाला होता. आज निम्मा करा.

टप्पा ५: पलंग आणि खुर्ची

आधी ताण, मग ताकद. पोटरी, मांडीची मागची बाजू आणि मांडीची आतली बाजू हे तीन स्नायू कडक झाले की पाऊल सरळ पडत नाही. पाय लांब करून बसा, चवड्याला ओढणी अडकवून हळूहळू स्वतःकडे ओढा, ३० सेकंद धरा, सोडा, तीनदा. झटका देऊन ओढलं की पाय थडथड उडायला लागतो. तसं झालं तर घाबरू नका, खुर्चीत बसून टाच जमिनीला टेकवा आणि गुडघ्यावर हाताने वजन द्या. बहुतेक वेळा थांबतो.

ताकदीसाठी पलंगावर गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि खुर्चीतून उठणं-बसणं. यातलं दुसरं चालण्याच्या सगळ्यात जवळचं आहे, पण जवळजवळ सगळेच ते चुकीचं करतात. खुर्चीत पुढे सरकून काठावर बसा. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. मग पुढे वाका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि मग उठा. लोक पाठ ताठ ठेवून हातांनी स्वतःला वर ढकलतात आणि सगळं वजन चांगल्या पायावर जातं. ते टाळायला माझी फिजिओ माझा चांगला पाय थोडा पुढे ठेवायला लावते, म्हणजे कमजोर पायाला काम करण्यावाचून पर्याय उरत नाही. बसताना धपकन बसू नका. हळू बसण्यातच निम्मा व्यायाम आहे. पाच वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच.

सावध: दोन खेपांमधली विश्रांती खाऊ नका. ती तुमच्या आळशीपणासाठी ठेवलेली नाही, निरोप पुन्हा नीट पोचावा म्हणून आहे.

टप्पा ६: स्वयंपाकाचा ओटा

पॅरलल बार, म्हणजे धरून चालायचे दोन समांतर दांडे, विकत घ्यायची गरज नाही. ओटा हलत नाही, कमरेच्या उंचीचा असतो आणि घरात असतोच. गॅस बंद, सुऱ्या आत, मागे खुर्ची.

ओट्याकडे तोंड करून उभे राहा, बोटं नुसती टेकवा. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, दहा वेळा. मग टाचा उचला. मग एक पाय मागे-पुढे टाकून वजन पुढच्या पायावर घ्या. हे जमलं की ओट्याच्या कडेने बाजूला चाला, चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे. बाजूचं चालणं कंबरेच्या बाहेरच्या स्नायूंना लावतं, आणि एका पायावर उभं असताना कंबर खाली झुकू न देण्याचं काम तेच करतात.

जाणीव कमी असलेल्यांनी अनवाणी, खाली बघत सुरुवात करावी आणि हळूहळू नजर समोरच्या डब्यांवर न्यावी. लहान मेंदूचा त्रास असेल तर वेग मुद्दाम कमी ठेवा, दहाच्या जागी पाच चालतील.

तपासा: बोटं नुसती टेकवून दोन मिनिटं उभं राहता येतं का? ओटा घट्ट पकडावा लागत असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

याच आठवड्यांत जमिनीवरून उठायचाही सराव करा, फिजिओसमोर. पडणं कधीतरी होणारच. कुशीवर वळा, गुडघ्या-हातांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर, चांगला पाय पुढे, मग वर. घरातल्यांनी काखेत हात घालून ओढू नये, खांदा दुखावतो आणि ओढणाऱ्याची कंबरही जाते.

टप्पा ७: चालणं

आता चाला, पण तुकड्यांत. एक-दोन मिनिटं चालणं, तेवढीच किंवा जास्त वेळ बसून विश्रांती, पुन्हा चालणं. सलग दहा मिनिटं रेटण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे घेतले तर एकूण चालणं तेवढंच होतं आणि शेवटचं पाऊलही सरळ पडतं.

कधी थांबायचं हे घड्याळावर सोडू नका, कानावर सोडा. माझी फिजिओ माझ्याकडे पाठ करून बसायची. मी पॅसेजमध्ये चालायचे, टप, टप, टप. लादीवर उजव्या बुटाचा पहिला 'खस्स' ऐकू आला की ती न वळता म्हणायची, "ताई, बसा." मला अजून शंभर पावलं सहज चालता आली असती असं वाटायचं. पण पाऊल घासायला लागलं होतं. आता तो आवाज मीच ऐकते, आणि खस्स व्हायच्या दहा पावलं आधी बसते. ही दहा पावलं आधीची जागा सापडायला मला दीड महिना लागला.

आठवड्याला एखादा तुकडा वाढवा, तुकड्याची लांबी वाढवायची घाई नको. माइल्ड ते मॉडरेट त्रास असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, एवढं ध्येय पुरेसं मानलं जातं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. बाकीचे दिवस ताण आणि ओटा. रोज सगळं केलं तर चौथ्या दिवशी आडवे व्हाल.

चालताना कुणी बोलायला लागलं की माझी पावलं लहान होतात. पुष्कळांचं होतं. सुरुवातीला गप्प चाला. नंतर मुद्दाम सराव म्हणून शंभरपासून उलटे आकडे म्हणत चाला. हा सराव पॅसेजमध्येच करा, रस्त्यावर नाही.

टप्पा ८: काठी आणि स्प्लिंट

काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा पाय कमजोर तर डाव्या हातात. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि उठताना पुन्हा उजव्या हातात घेतात. बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, काठीची मूठ मनगटाच्या वळीपाशी यायला हवी. धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. काठी आणि कमजोर पाय एकाच वेळी पुढे. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला, पावसाळ्याआधी तर नक्कीच. ओल्या लाद्यांवर झिजलेलं बूच साबणासारखं सरकतं.

काठी घेतली म्हणजे हरलो, असं मी दोन वर्षं धरून बसले होते. त्या काळात मी टेबल, फ्रिज, दाराची चौकट धरत घरात फिरायचे आणि बाहेर पडणं बंद झालं होतं.

फूट ड्रॉप असेल तर घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, मापाने करून घ्या, तयार मिळणारा बहुतेक वेळा टोचतो. बूट घेताना स्प्लिंट घालून माप द्या. पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला.

तपासा: स्प्लिंट काढल्यावर लाल झालेली जागा २०-३० मिनिटांत गेली नाही तर तो परत घेऊन जा. जाणीव कमी असेल तर रोज पायाची कातडी बघा, दुखून कळणार नाही.

डालफॅम्प्रिडीन नावाची गोळी काहींचा चालण्याचा वेग वाढवते, सगळ्यांचा नाही. फिट्स येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर ती चालत नाही, त्यामुळे मैत्रिणीची गोळी घेऊन बघायची नाही.

टप्पा ९: जिना, रस्ता, लोकल

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, काठी नेहमी कमजोर पायाबरोबर. सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारखीने जिना शेवटी शिकायचा नसतो, पण एकटीने करायचाही नसतो. कठडा एकाच बाजूला असतो, त्यामुळे चढताना आणि उतरताना काठीचा हात बदलतो. घरचं माणूस चढताना तुमच्या मागे आणि उतरताना एक पायरी पुढे हवं. पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर एक स्टूल ठेवा. सोसायटीत कुणी कुरकुर केलीच तर करू दे.

बाहेरचं पहिलं चालणं सपाट आणि बसायला बाक असेल तिथे. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक किंवा ठाण्यात तलावपाळी, दोन्ही सकाळी लवकर. गोल ट्रॅकवर एक धोका आहे: अर्ध्यावर थकलात तर परतीचं अंतरही तेवढंच. म्हणून फेरी मारू नका, एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जा आणि परत या.

लोकल सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा दुपारी अकरानंतर कुणाला तरी बरोबर घेऊन. ठाणे-वाशी मार्गावर प्रवास असेल तर ठाणे स्टेशनवरचा पूल गर्दीच्या वेळी टाळा, धक्का लागला की तोल सावरायला वेळच मिळत नाही. गाडी आली म्हणून धावायचं नाही, पुढची येते. दिव्यांगांच्या डब्यात प्रमाणपत्र जवळ ठेवा, कारण एमएस बाहेरून दिसत नाही आणि धडधाकट दिसणाऱ्याला लोक उठवतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करताना त्याच नावाने निदानाचे कागद जोडा.

पुन्हा अ‍ॅटॅक आला तर

थांबा आणि न्यूरोलॉजिस्टला कळवा. स्टेरॉइड चालू असताना काहींना अंगात भलतीच तरतरी येते, झोप लागत नाही, आणि वाटतं आता चालून घ्यावं. त्या तरतरीवर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पुन्हा पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे पलंग आणि खुर्चीपासून सुरू करा. आधी ट्रॅकवर सहा बाक गाठत असलात तरीही. दुसऱ्या खेपेला मला ओट्यापर्यंत यायला नऊ दिवस लागले, पहिल्या खेपेला पाच आठवडे लागले होते. पार्किंगमधल्या खडूच्या रेघा वॉचमनने धुऊन टाकल्या होत्या, त्या पुन्हा मारल्या आणि नव्याने वेळ घेतली. १६ सेकंद.